नाव बदलले आहे

९ फेब्रुवारी

प्रिय पापा,

तुमचं पत्र पोचलं. मला नाही, विद्यापीठाच्या कार्यालयात. म्हणून आधीच सांगून टाकते, की हे पत्र त्याबद्दल नाही.

संशोधनातल्या नीतिनियमांवर लक्ष ठेवणारं एक कार्यालय इथे असतं. तिथल्या मिसेस ओस्ट्रँडरनी मला बोलावून घेतलं, बसायला सांगितलं, दार लावलं. मग म्हणाल्या, कागदगिरणीच्या संपावरच्या तुझ्या प्रबंधासाठी ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांतल्या एकांनी आपली मुलाखत मागे घेतली आहे, श्री. ओव्हिला पेल्तिये. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी नियमही वाचून दाखवला. मुलाखत देणाऱ्याला प्रबंध दाखल होईपर्यंत केव्हाही माघार घेता येते. कारण द्यावं लागत नाही. संशोधकाने ते विचारायचं नाही आणि मन वळवायचा प्रयत्नही करायचा नाही.

मी म्हटलं, पण ते माझे वडील आहेत.

"मग वडिलांना लिही," त्या म्हणाल्या. "मुलाखत देणाऱ्याला लिहू नकोस."

तर मी वडिलांना लिहिते आहे. धुराडं साफ केलंत का? मागच्या हिवाळ्यात त्यात काजळीचा थर धरला होता आणि तुम्ही म्हणाला होतात, चालतंय. शेजारच्या मिशोंच्या घरी असंच चालतंय चालतंय करता करता छप्पर पेटलं होतं. तळ्यावर बर्फ किती जाड झालाय? मासे धरायची खोपटी बर्फावर ओढून नेलीत का, की या वर्षी मासे विकतच आणताय?

फोन उचलत नाही आहात. क्लेमाँस आत्या म्हणते, तुमचा फोन ठीक आहे, तुम्हीच ठीक नाही. ती असं म्हणाली हे तिला सांगू नका.

तुमची,
सोलांज


२७ फेब्रुवारी

प्रिय पापा,

उत्तर आलं नाही. हरकत नाही. तुम्ही पत्रं लिहिणारे नाही हे मला माहीत आहे. गिरणीत तुम्हाला उगाच मुका म्हणत नसत.

माझं काय चाललंय ते सांगते. हे माझं सांगणं आहे, यात तुम्हाला उद्देशून काही नाही. मिसेस ओस्ट्रँडरना विचारलं, माझ्या काळजीबद्दल वडिलांना लिहिलं तर चालेल का. त्यांनी बराच विचार करून सांगितलं, काळजी चालेल, कारण नको. आता त्यांतला फरक मला कोण सांगणार.

एप्रिलच्या मध्यावर माझी तोंडी परीक्षा आहे. प्रबंध लिहिला की झालं असं नसतं. समितीतले पाचजण टेबलाच्या एका बाजूला बसतात, आपण दुसऱ्या, आणि खोलीत येऊन बसायची मुभा सगळ्या गावाला असते. त्याआधी पूर्ण प्रबंध समितीच्या हातात हवा. पदवीसाठी जितकी वर्षं देतात ती माझी संपली आहेत. आई गेली त्या वर्षी एक मुदतवाढ घेतली, गिरणीची जुनी कागदपत्रं जप्तीत अडकली तेव्हा दुसरी. तिसरी उन्हाळ्यापुरतीच मिळते, तीही मागावी लागते आणि मागणाऱ्याकडे सगळे कसे बघतात ते मी पाहिलंय. शरदापासून व्हरमाँटमधल्या एका लहान कॉलेजात मला नोकरी मिळाली आहे. अट एकच, की तोवर पदवी हातात हवी.

डॉ. वेंडेल, माझे मार्गदर्शक, म्हणतात, चौथं प्रकरण काढून टाक आणि बाकीचं सांध. मी सांधायला बसते. चौथं प्रकरण काढलं की तिसरं कुठे जातंय ते कळत नाही आणि पाचवं कुठून आलं ते कळत नाही. समितीत बाहेरच्या विभागातले एक सभासद असावे लागतात, ते अर्थशास्त्राचे आहेत. ते मला जिन्यात भेटले आणि म्हणाले, मला तर तेच प्रकरण आवडलं होतं. मी खाली गेल्यावर लक्षात आलं, मला वर जायचं होतं.

मला नीट झोप लागत नाही. जेवणाचं म्हणाल, तर शनिवारी आईसारखे बीन्स लावले, मेपलचा पाक घालून. तळ करपला. भांडं अजून भिजत पडलंय.

धुराड्याचं कळवा. एका ओळीत कळवलंत तरी चालेल.

सोलांज


१७ मार्च (हे पाठवायचं नाही)

पापा,

हे पत्र मी पाठवणार नाही, म्हणून नीट लिहिते.

मी तुमची मुलगी, म्हणून तुमची मुलाखत मी घ्यायची नाही असा समितीचा निर्णय होता. योलांडा आली होती, माझी वर्गमैत्रीण. तुम्ही तिला दोन दिवस ठेवून घेतलंत, कुट्टूच्या पिठाचे प्लॉय तव्यावरून थेट तिच्या ताटलीत वाढत राहिलात, आणि ती नको म्हणाली की तुम्हाला ऐकू येईनासं झालं. परत येऊन ती म्हणाली, "तुझे बाबा मुके नाहीत गं. तुम्ही लोक विचारत नाही."

तिने ध्वनिफीत ऐकून सगळं कागदावर उतरवलं आणि मला दिलं. मी ते ग्रंथालयात वाचलं. तिथे रडायची सोय नाही म्हणून तिथेच वाचायला घेतलं होतं, कारण मला वाटलं होतं तुम्ही आईबद्दल बोलला असाल.

बाकी सगळ्यांनी एकच सांगितलं. त्या लांबलेल्या संपात बाहेरचे लोक आणले कंपनीने, आपल्यातला एकही आत गेला नाही. सगळ्यांनी हे जवळपास त्याच शब्दांत सांगितलं. आणि तुम्ही सांगितलंत की शेवटचे काही आठवडे तुम्ही आत जात होतात. नदीकडच्या मागच्या फाटकातून, ट्रकमध्ये, ताडपत्रीखाली. आईचे उपचार चालू होते आणि कंपनीचा विमा आत गेल्याशिवाय पुन्हा सुरू होणार नव्हता. आईला सांगितलं होतंत, लाकूडतोडीला जातो. आणि एका सकाळी वळणावर ताडपत्री वाऱ्याने उडाली. फाटकावर पिंपात शेकोटी पेटवून माणसं उभी असायची, त्यांतला एकजण एकटाच इकडे तोंड करून होता. त्याने तुम्हाला पाहिलं. हातातला कॉफीचा मग जरासा वर केला आणि पाठ फिरवली. त्याने ते कुणाला कधी सांगितलं नाही. त्याचं नाव तुम्ही योलांडाला सांगितलं नाहीत.

माझं चौथं प्रकरण म्हणजे एवढंच आहे, पापा. बाकीची माणसं काय सांगत नाहीत ते तुमच्यामुळे ऐकू येतं.

जानेवारीत मी प्रत्येकाला आपापला भाग वाचायला पाठवला. तुमच्या पाकिटात मी काहीच चिठ्ठी ठेवली नाही. काय लिहायचं कळेना. तुम्हाला वाटलं असेल, पोरीने सगळं वाचलं आणि एक शब्द लिहिला नाही, म्हणजे तिला लाज वाटते. म्हणून तुम्ही मुलाखत काढून घेतलीत. दुसरं कारण मला सापडत नाही, आणि मी सारखी शोधते आहे. भांडी घासताना शोधते. वर्गात मुलांच्या वह्या तपासताना शोधते.

मला लाज वाटत नाही. हे सांगायला मला बंदी आहे, कारण ते सांगणं म्हणजे मन वळवणं. आपल्या बापाला आपल्याला त्याची लाज वाटत नाही एवढं सांगायचं तर आधी परवानगी काढा, अशी माझी गत झाली आहे.

सोला


५ एप्रिल

प्रिय पापा,

हे पत्र मिसेस ओस्ट्रँडरनी आधी वाचलं आहे, म्हणून यात विनोद नाहीत.

दोन आठवड्यांपूर्वी क्लेमाँस आत्याचा फोन आला. आधी हवेचं झालं, मग तिच्या गुडघ्याचं. मग ती म्हणाली, "सोला, तो बिचारा अरमाँ तुझ्या काय वाटेला गेला होता?"

मी विचारलं, कोण अरमाँ.

"घ्या. एवढं शिकून विचारते कोण अरमाँ. अगं, आपला टी-लू."

"टी-लूकाकाचं नाव टी-लू आहे ना?"

"हो तर. पाद्र्याने डोक्यावर पाणी ओतलं तेव्हा म्हणाला, हे टी-लू, मी तुझा बाप्तिस्मा करतो. अरमाँ शास्से होता तो. थडग्यावर कोरलंय. तू कधी वाचलंस तर ना."

मी खाली बसले. फोन स्वयंपाकघरात होता, म्हणून जमिनीवरच बसले.

पापा, गावात तीन ओव्हिला होते, पाच जोसेफ होते, म्हणून हरेकाला टोपणनाव. लहानपणी आमच्यासाठी तीच नावं. मिठाई खिशात ठेवणारा टी-लू, मुका, लांबमान्या. दर रविवारी चर्चमागे मला उचलून घोड्यावर बसवल्यासारखं कुंपणावर बसवणाऱ्या माणसाचं खरं नाव मला कधी कुणी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

प्रबंधात माणसांची नावं बदलायची असतात. कुणी कुणाला ओळखू नये, कुणाला त्रास होऊ नये म्हणून. तुमच्यासाठी तुमच्या पिढीचं वाटेल असं नाव शोधत होते आणि अरमाँ निवडलं. निवडलेलं नाव मुलाखत दिलेल्यांपैकी कुणाचं नसावं, असा नियम आहे. मी सगळ्यांची नावं एकेक करून पडताळली. अरमाँ कुणीच नव्हता. वारलेली माणसं कुणी मुलाखतीला घेत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आत्या म्हणाली, तुमचा चष्मा फुटला होता म्हणून तो भाग तिने तुम्हाला वाचून दाखवला. "अरमाँ (नाव बदलले आहे) ताडपत्रीखाली लपून मागच्या फाटकातून आत जात असे." तिथे तुम्ही तिला थांबवलंत आणि म्हणालात, परत वाच. तिने परत वाचलं. मग तुम्ही टोपी घेऊन बाहेर गेलात.

"मी तुला काही सांगत नाहीये," आत्या म्हणाली. "त्याने मला शपथ घातलीय. मी नुसतं विचारतेय."

एक मी तिला विचारलं, आणि ते विचारायची मला परवानगी नव्हती, हे मिसेस ओस्ट्रँडरनाही सांगितलं आहे. मी विचारलं, शेकोटीपाशी कॉफीचा मग वर करणारा माणूस कोण होता. आत्या म्हणाली, "तुला काय वाटतं?"

टी-लूकाका संपभर फाटकावर उभा होता. त्या थंडीने त्याची छाती धरली ती पुन्हा सुटली नाही. त्याने तुम्हाला पाहिलं आणि झाकलं. आणि मी तुमच्या अंगावरून ताडपत्री काढली ती त्याच्या अंगावर घातली. प्रबंधाची एक प्रत गावच्या वाचनालयाला द्यायचं मी कबूल केलं होतं. फ्लोरीनमावशी दर बुधवारी तिथे जातात. त्यांनी आपल्या नवऱ्याचं नाव तिथे वाचलं असतं.

मी पुढे जे लिहिते आहे त्याच्या बदल्यात मला काही नको. चौथं प्रकरण मी काढलं आहे. समितीकडे गेलेल्या प्रती परत मागवल्या. डॉ. वेंडेलनी विचारलं, नुसतं नाव बदललं तर? मी म्हटलं, मुलाखत मागे घेतली आहे, आता त्यात बदलायला माझं काही उरलेलं नाही. तोंडी परीक्षेची तारीख मी सोडली. तिसरी मुदतवाढ मागितली आणि मिळाली, ऑगस्टअखेरपर्यंत. व्हरमाँटच्या कॉलेजने लिहिलं, ऑगस्टपर्यंत थांबतो, त्यापुढे नाही. तोवर त्या प्रकरणाशिवाय उभा राहील असा प्रबंध मला लिहायचा आहे. तो कसा, हे आज मला माहीत नाही.

माझी चूक झाली. तुमची माफी मागते. टी-लूकाकांची कुठे जाऊन मागायची ते आता मला माहीत आहे. बर्फ वितळला की येईन.

सोलांज


६ एप्रिल

पापा,

हे मिसेस ओस्ट्रँडरनी वाचलेलं नाही. प्रकरण काढलं, म्हणजे आता त्यांचं काही राहिलं नाही आणि मला काही विचारायचंही नाही. सोबत मार्चमधलं एक न पाठवलेलं पत्र आहे, तेही वाचा. आत्याला वाचायला सांगू नका. नवा चष्मा करून घ्या.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती मुलाखत वाचल्यापासून मी ती घेऊन फिरते आहे.

त्या हिवाळ्यात तुम्ही घरी आलात की आई मला म्हणायची, "पापांचा कोट शेडमध्ये टांग. आत आणू नकोस." मी म्हणायचे, बाहेर तो गोठून कडक होतो. ती म्हणायची, होऊ दे. एकदा फ्लोरीनमावशी अंडी घेऊन आल्या, तर आईने मला डोळ्यांनीच दाराकडे पिटाळलं. कोट खुर्चीवर राहिला होता. मी तो घेऊन मागच्या दाराने पळाले.

लाकूडतोडीहून आलेल्या माणसाच्या कोटाला डिंकाचा वास येतो, पापा. तुमच्या कोटाला गिरणीच्या गंधकाचा येत होता. मला तेव्हा कळत नव्हतं. आईचा बाप गिरणीत, नवरा गिरणीत. तिला कळत नव्हतं असं तुम्हाला खरंच वाटतं का?

ती तुम्हाला बोलली नाही. पण कोट तिने कुणाच्या नाकाला लागू दिला नाही.

सोला


२ मे

सोलांज,

तुझा बाप सांगतो आहे आणि मी, क्लेमाँस, लिहिते आहे. चष्मा झाला, पण तो म्हणतो हात थरथरतो. (थरथरत वगैरे काही नाही. काल एवढाले ओंडके उचलले.)

धुराडं ऑक्टोबरातच साफ केलंय. आता विचारू नकोस.

तुझी पत्रं मिळाली. सगळी मिळाली. न पाठवलेलंही मिळालं.

तुझ्या त्या कार्यालयातल्या बाईंना मी फोन केला. त्यांना सांगितलं, मी काढून घेतलं होतं ते परत देतोय. त्यांनी विचारलं, तुमच्यावर कुणी दबाव आणला का. मी म्हटलं, मुलगी महिनेच्या महिने धुराड्याबद्दल लिहितेय, तो दबाव असेल तर आहे. त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी तेच पुन्हा दुसऱ्या शब्दांत विचारलं. मग मी नीट सांगितलं, की नाही. चांगली बाई आहे. आमच्या गिरणीत अशी एखादी असती तर बरं झालं असतं.

मी त्यांना म्हटलं, माझी एक अट आहे. नाव बदलायचं नाही. माझं घालायचं. त्या म्हणाल्या, तसं करता येतं, पण नवा अर्ज करावा लागतो, समितीसमोर ठेवावा लागतो, आणि गावातले लोक काय करतील याचा तुम्ही विचार केला आहे का. मी म्हटलं, विचार करायला मला बराच वेळ मिळालाय. त्या म्हणाल्या, मे संपेपर्यंत होईल. तुझी मुदत ऑगस्टची आहे असं क्लेमाँस म्हणते. मग पुरेसा वेळ आहे. नोकरी घालवू नकोस.

त्याआधी मला एक काम होतं, म्हणून पत्राला उशीर झाला. मी फ्लोरीनकडे गेलो. दारातच सांगितलं, आत बसलो नाही. संपात मी गिरणीत जात होतो, टी-लूने मला पाहिलं, आणि मरेपर्यंत बोलला नाही. तुझ्या कागदात त्याचं नाव चुकून माझ्या जागी पडलं होतं, तेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. आपटलं नाही. लावलं.

रविवारी चर्चमध्ये ती आमच्या बाकावर बसली नाही, पलीकडे जाऊन बसली. (तीन बाकं पलीकडे. आणि मिशोने याला नमस्कार केला नाही. मी केला नमस्कार मिशोला, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा.) ठीक आहे. हे व्हायचंच होतं, उशिरा झालं.

टी-लूचं नाव फ्लोरीन हो म्हणेल तेव्हा घाल. तोवर शेकोटीपाशी एक माणूस, एवढंच लिही. त्याने कॉफीचा मग वर केला ते राहू दे.

तुला माझी लाज वाटते असं मला वाटलं नव्हतं. तुझ्या पाकिटात चिठ्ठी नव्हती हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. तू फार विचार करतेस. आईवर गेली आहेस.

कोटाचं मला माहीत नव्हतं.

(इथे तो उठून बाहेर गेला. फोडलेल्या लाकडांची रास छपराला टेकलीय, तरी फोडतोय. मी कॉफी केली. अर्ध्या तासाने आला. म्हणाला, कुठवर आलो होतो? मी म्हटलं, कोटापर्यंत. म्हणाला, तिथून पुढे लिही.)

परीक्षा असेल त्या दिवशी आम्ही दोघं येऊ. कुणीही येऊन बसू शकतं असं तू लिहिलं होतंस. क्लेमाँस मांसाचं सारण भरलेली पाई भाजून आणणार आहे, समितीतल्या लोकांना पुरेल एवढी. तिला नको म्हटलं तर ती दोन आणेल. मी मागे बसेन. मला कुणी काही विचारलं तर उत्तर देईन.

आता शेवटचं, आणि हे नीट बघ. गिरणीतल्या इंग्रज कारकुनाला आपलं आडनाव लिहिता येत नसे. हजेरीत, पगारात, संपाच्या काळात आत गेलेल्यांच्या कागदात, सगळीकडे मी ओव्हिला पेल्की आहे. तू जुनी कागदपत्रं बघशील आणि तिथून उतरवून घेशील, तुमची तशी पद्धत असते.

तसं करू नकोस. पेल्तिये लिही.

पापा
(सही त्याची आहे. हात थरथरला नाही.)